पंतांचा गुंठा

ठाण्यापासून घोडबंदरापर्यंत खाडीकाठची जी गावं आहेत, त्यांच्यात एके काळी ‘पंतांचा गुंठा’ हा शब्द शपथेसारखा चालायचा. गवळी दूध घालायला आला आणि बाईनं मापाकडे डोळे वटारून पाहिलं, की तो म्हणायचा, “बाय, पंतांचा गुंठा हाय, एक थेंब कमी यायचा नाय.” मग बाई पुढे बोलायची नाही. गुंठ्याचा दुधाशी काय संबंध, हे कुणी विचारायचं नाही. पंतांचं नाव निघालं की माप पुरतं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

हे पंत म्हणजे श्रीपादपंत सोमण. मूळचे कल्याणचे. अंगानं काटकुळे, नाक सरळ आणि स्वभाव त्याहून सरळ. एकोणिसाव्या वर्षी मोजणी खात्यात उमेदवार म्हणून चिकटले आणि पंचावन्नाव्या वर्षी पेन्शन घेऊन ठाण्यात मासुंदा तळ्याजवळ भाड्याच्या घरात राहायला आले. मधल्या छत्तीस वर्षांत त्यांनी किती शेतं, किती बांध, किती खाजणं मोजली याची गणती नाही. उन्हानं त्यांची मान काळी पडली ती पडलीच. घरी बसल्यावरही उजळली नाही.

माणसाला कशाचं वेड लागेल ते सांगता येत नाही. पंतांना वेड लागलं ते एका आकड्याचं. मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची असते. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबाच्या कारकुनानं तेहेतीस गुणिले तेहेतीस करायला सांगितलं आणि सगळ्या उमेदवारांच्या पाट्यांवर आकडा आला : एक हजार एकोणनव्वद. बाकीच्यांनी तो पाठ केला. पंतांनी तो घरी नेला.

घरी नेला आणि त्याचा पाढा लिहून काढला. एके १०८९, दुणे २१७८, त्रिक ३२६७, चोक ४३५६, पाचा ५४४५, सक ६५३४, साता ७६२३, अठा ८७१२, नवा ९८०१. लिहून झाल्यावर ते बराच वेळ पाटीकडे बघत बसले. पहिला आकडा उलटा वाचला की नववा होतो. दुसरा उलटा वाचला की आठवा, तिसरा उलटा वाचला की सातवा, चौथा उलटा वाचला की सहावा. आणि मधला पाचवा, ५४४५, उलटा काय न् सुलटा काय, तोच. चोकावर एक शून्य दिलं की ४३५६० होतात, आणि चाळीस गुंठ्यांच्या एकरात नेमके तेवढेच चौरस फूट असतात. हे सगळं पाहून कल्याणच्या त्या पोराला इतका आनंद झाला की त्यानं आईला उठवून दाखवलं. आई म्हणाली, “छान आहे, पण पाटी धुऊन ठेव.”

पुढे त्यांनी एक गंमतही शोधून काढली. पेन्शनीत तीच त्यांची करमणूक होती. ओट्यावर कुणी येऊन बसलं की पंत पाटी पुढे करायचे. “तीन आकडी संख्या धरा. पहिला आणि शेवटचा आकडा सारखा नको. ती उलटी करा. मोठीतून धाकटी वजा करा. जे येईल तेही उलटं करा आणि त्यात मिळवा.” समोरचा खाली मान घालून खरडायचा. पंत तळ्याकडे बघत बसायचे आणि शेवटी म्हणायचे, “एक हजार एकोणनव्वद.” सातशे बावन्न घेतले, तर त्यातून दोनशे सत्तावन्न जाऊन चारशे पंचाण्णव; त्यात पाचशे चौऱ्याण्णव मिळवले की एक हजार एकोणनव्वद. दुसरं काहीही धरा, तेच. देवळातले भटजी तर हात जोडूनच उभे राहिले. “पंत, हा साधा आकडा नव्हे. एकशे आठ म्हणजे जप, आणि पुढे नऊ म्हणजे नवग्रह! शिवाय तेहेतीस म्हणजे तेहेतीस कोटी देव!”

पंत हसायचे. “भटजीबुवा, यात देव नाही, वजाबाकी आहे. म्हणूनच मला आवडतो. आकडा तोंड बघून बोलत नाही. तुम्हाला एक आणि कोळ्याला एक, असं त्याच्याकडे नाही.”

पंतांचा जीव या वाक्यात होता. आकडा खोटं बोलत नाही, आणि आपण आकड्याशी खोटं बोललो नाही, या दोन गोष्टींवर त्यांचं अख्खं आयुष्य उभं होतं. थोडा गर्वही होता. घरात आमटीला मीठ चिमूटभर जास्त पडलं तरी ते सांगायचे, आणि त्यांचं कुटुंब मुकाट्यानं ऐकून घ्यायचं. बिचारीनं पस्तीस वर्षं ऐकलं होतं.

अठराशे चौऱ्याण्णवच्या दसऱ्याची गोष्ट. संध्याकाळी ओट्यावर शेजारचे वकील बसले होते आणि पाटीवर खरडत होते. खरडून झाल्यावर त्यांनी मान वर केली ती विजयी मुद्रेनं. “पंत, फसलात! माझे एकशे अठ्ठ्याण्णव आले.”

पंतांनी पाटी घेतली. वकिलांनी चारशे त्र्याऐंशी धरले होते. त्यातून तीनशे चौऱ्याऐंशी गेले, नव्याण्णव उरले. नव्याण्णव उलटे नव्याण्णवच, म्हणून बेरीज एकशे अठ्ठ्याण्णव.

“नव्याण्णवच्या आधी शून्य कुठाय?” पंत म्हणाले. “तीन घरं होती, तीनच राहिली पाहिजेत. शून्य, नऊ, नऊ. उलटे केले की नऊशे नव्वद. मिळवा आता. रिकामी जागासुद्धा मोजावी लागते, वकीलसाहेब.”

वकील मान हलवत उठून गेले, आणि त्याच वेळी पायरीशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला लाल फडकं, हातात आपट्याची पानं. पंतांनी डोळे बारीक केले आणि एकदम उभेच राहिले.

“धाकू! अरे धाकू!”

धाकू कोलशेतचा आगरी. पंत नवे मोजणीदार असताना सहा वर्षं त्यांची साखळी यानं ओढली होती. चिखलात, काट्यात, कंबरभर पाण्यात. मग पंतांची बदली झाली ती नाशकाकडे, तिथून पुढे आणखी कुठे कुठे. धाकूनं खात्याची चाकरी सोडली आणि तो मिठागरावर गेला. अठ्ठावीस वर्षांनी दोघं भेटत होते.

“सोना घ्या, पंत, न सोन्यासारखा रावा,” धाकू म्हणाला. पानं देऊन तो पायरीवर टेकला. “तुमी ठान्याला आल्याचा परवाच कललं. आज सकाळी साखळीला हळदकुकू वाहिला न म्हटला, आता मालकाला पन भेटून येवा.”

“कुठल्या साखळीला?”

“आपल्याच की. खात्यानं टाकलेली, तुमी मना दिलेली. माळ्यावर तेल लावून ठेवलीय. लोक दसऱ्याला कोयता-नांगर पुजतात, मी साखळी पुजतो. तिनंच खाऊ घातला ना सा वर्सं.”

पंतांना गहिवरून आलं. चहा आला, गूळपोहे आले. जुन्या गावांची, माणसांची चौकशी सुरू झाली. कोण आहे, कोण गेलं. बोलता बोलता पंतांनी विचारलं, “आणि मारुतीचा थोरला कसा आहे रे? काळुराम?”

“कोन, पासष्ट्या?” धाकू सहज म्हणाला. “हाय. नसल्यातच जमा.”

“पासष्ट्या?”

“गावात तसाच बोलतात त्याला. भावाची पासष्ट फूट जमीन खाल्ली ना त्यानं. तुमाला ठावं नाय? तुमीच तर मोजून दिलेली.”

पंतांना मोजणी आठवत होती. कोलशेतचं काम संपून मोजणीचा तळ हलला त्या दिवशी म्हातारा मारुती हात जोडून आला होता. त्याचे दोन मुलगे, काळुराम आणि गोविंदा. गोविंदाला वेगळं घर बांधायला विहिरीजवळ एक गुंठा काढून द्या, म्हणाला. सरकारी मोजणीत एवढं लहान काम बसत नाही, पण तुमच्या हातचं असलं की पुढे तंटा नको. पंतांनी उपकार म्हणून ते केलं. एका बाजूला गल्ली, एका बाजूला विहिरीची वाट, उरलेल्या दोन बाजूंना काळुरामची जमीन. एका गुंठ्याला बाजू एक साखळी. साखळी चारदा ताणली, चार कोपऱ्यांना चार धोंडे पुरले, आणि पंतांनी स्वतःच्या हातानं कागद लिहून दिला : तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद, क्षेत्र एक गुंठा.

“मंग तीन वर्सांनी गोविंदानं घर बांधायला काढला,” धाकू सांगू लागला. “ठान्याचा गवंडी आलेला. त्यानं गजानं मोजला न बोलला, जागा कमी हाय. तलाठ्यानं हिशोब केला, गुंठ्याला पासष्ट फूट कमी. कागदावर तर तुमचा आकडा. मंग काय? धोंडे हलले. न दोनी बाजूला जमीन कोनाची? काळुरामची. गोविंदा बोलला, दादानं हलवले. काळुराम बोलला, मी हात नाय लावला. तंटा मिटंना, तवा गावानं सांगितला, ढेकूळ घे.”

ढेकूळ घेणं म्हणजे काय हे पंतांना कुणी सांगायची गरज नव्हती. बांधाच्या तंट्यात ज्याच्यावर आळ आहे त्यानं त्याच जमिनीचं मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं, गावदेवीचं नाव घेऊन बांधावरून चालायचं. मग सव्वा महिना वाट पाहायची. त्या मुदतीत त्याच्या घरात वाईट घडलं नाही तर तो खरा. घडलं तर देवीनं निकाल दिला.

“मग?” पंतांनी विचारलं.

“काळुराम चालला. ताठ मानेनं चालला. न बाविसाव्या दिवशी त्याचा पोर गेला. पोपट. सा वर्सांचा. पटकीनं.”

धाकूनं पेला खाली ठेवला. “तवापासून पासष्ट्या. पालखीला खांदा नाय, लग्नात पंगतीला नाय. गोविंदा पन गेला पुढं. त्याची बायको बायजा तिथंच रातेय. पंचवीस वर्सं शेजारी हायत, पन ती त्याचा तोंड बघत नाय. आता काळुराम आजारी हाय. या साली काय निघत नाय तो.”

 पंतांच्या कानात ‘पासष्ट’ एवढंच घोळत होतं. हात आपसूक पाटीकडे गेला. एक हजार एकोणनव्वदमधून पासष्ट वजा केले. एक हजार चोवीस. आणि एक हजार चोवीस म्हणजे बत्तीस गुणिले बत्तीस, हे त्यांना पाटीशिवायही ठाऊक होतं. पासष्ट म्हणजे तेहेतीस आणि बत्तीस. एका बाजूला फूटभर रुंदीची तेहेतीस फुटांची पट्टी, दुसऱ्या बाजूला तसलीच बत्तीस फुटांची.

“धाकू,” ते हळू म्हणाले, “चोर असा चोरी करत नाही.”

“आं?”

“चोर एक धोंडा हलवील, दोन हलवील. या टोकाला वीतभर, त्या टोकाला हातभर, जसं भागेल तसं. इथे दोन्ही बाजू बरोब्बर फूट-फूट कमी. ना अंगुळ जास्त, ना अंगुळ कमी. तीन धोंडे उपटून, काटकोन सांभाळून, असे नेमके पुरायचे असतील तर त्याला मोजणीदार लागतो.” त्यांनी पाटी खाली ठेवली. “त्या दिवशी साखळी कुठली होती?”

“सरकारी साखळी तर सकाळीच गाडीवर घालून बाळकुमला गेलेली,” धाकू म्हणाला. “मंग माझीच नाय का घेतली? टाकलेली. सळई तुटलेली, ती गावच्या लोहाराकडनं जोडून...”

धाकू बोलता बोलता थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मोजणीचा पहिला नियम असा, की रोज सकाळी जमिनीत तेहेतीस फुटांवर ठोकलेल्या दोन खुंट्यांमध्ये साखळी ताणून बघायची, आणि मगच शेतात पाऊल टाकायचं. पंतांनी छत्तीस वर्षांत हा नियम एकदाच मोडला. तळ उठला होता, खुंट्या उपटल्या होत्या, काम सरकारी नव्हतं. त्यांनी साखळी हातात घेऊन पितळी खुणा तेवढ्या मोजल्या. साखळीचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे, आणि दर आण्याला एक खूण. सोळाच्या सोळा होत्या. पण अर्ध्या आण्याच्या, म्हणजे फूटभर लांबीच्या, सळईला खूण नसते. लोहारानं तुटलेली सळई काढून टाकली होती आणि दोन टोकं एका जाड कडीत अडकवून दिली होती. त्यानं आपलं काम चोख केलं होतं. त्याला साखळी धड करायची होती, तेहेतीस फूट त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

“तुला कधी शंका नाही आली?” पंतांनी विचारलं.

धाकूनं मान खाली घातली. “कशी येल, पंत? समदा गाव हेच बोलला, पंतांचा माप चुकायचा नाय. म्हनून तर धोंडा हलला असा ठरला.”

हे वाक्य पंतांच्या काळजात रुतलं. आपल्या नावाचा त्यांना अभिमान होता. त्याच नावानं एका माणसाला चोर ठरवलं होतं.

पुढचे तीन दिवस पंतांनी पाटीला हात लावला नाही. खरं सांगायचं तर त्यांना पळवाटा सुचत होत्या, आणि सुचतात म्हणून स्वतःची लाजही वाटत होती. काळुराम आज आहे, उद्या नाही. गोविंदा तर गेलाच. आता जाऊन काय मिळणार? खाडीकाठची वीस गावं तेवढी म्हणतील, पंतांचा गुंठा म्हणजे खोटा गुंठा. मग कुठल्या कुठल्या बांधांवर जुने तंटे उकरले जातील, आणि त्यांच्या बाकीच्या सगळ्या खऱ्या मापांवर डाग पडेल.

चौथ्या दिवशी सकाळी कुटुंबानं विचारलं, “तीन दिवस आमटी अळणी होती. एका शब्दानं बोलला नाहीत. झालंय काय?”

पंतांनी सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि शांतपणे ऐकलं.

“म्हणजे तुम्ही चुकलात,” ती म्हणाली.

“हो.”

“मग जाऊन तसं सांगून या. माझं मीठ चुकलं तर मी नाही का पस्तीस वर्षं हो म्हणत आले? मेले नाही काही त्यानं.”

साखळी काढून चार माणसं जमव, असा निरोप पंतांनी एका पोराकरवी धाकूला पुढे धाडला, पगडी घातली, कपाटातून आपली कापडी मोजफीत काढली आणि ते कोलशेतची वाट चालू लागले. दोन कोस वाट. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलं होतं, काही ठिकाणी कापणी सुरू झाली होती. वाटेत दोघा-तिघांनी ओळखून रामराम घातला. पंतांनी मान वर करून तो घेतला नाही.

धाकूनं माळ्यावरून साखळी काढून ठेवली होती. तेलानं काळी चकचकीत, कड्याकड्यांवर दसऱ्याचं हळदकुंकू अजून चिकटलेलं. पंतांनी तिच्यावरून हात फिरवला. सातव्या आणि आठव्या खुणेच्या मध्ये बोटांना जाड कडी लागली.

विहिरीजवळच्या त्या जागेवर धाकूनं दहापंधरा माणसं जमवली होती. बायजा दारात उभी होती, पदर खोचलेला, चेहरा कडक. हातात बांबूचं नळकांडं, आणि त्यात तो कागद. पंचवीस वर्षं तिनं तो कागद उंदरांपासून जपला होता. काळुरामला दोघांनी धरून आणलं आणि बांधावर बसवलं. हाडांचा सापळा झाला होता. तो कुणाकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. त्याला वाटलं असावं, पंत आले म्हणजे पुन्हा काहीतरी निकाल लागणार.

पंत सरळ धोंड्याशी गेले. त्यांनी धाकूला साखळीचं एक टोक दिलं आणि दुसरं स्वतः घेतलं. पेन्शनीतला बामण चिखलात उतरून साखळी ताणतोय, हे पाहून माणसं पुढे सरकली. साखळी या धोंड्यापासून त्या धोंड्यापर्यंत ताणली. नेमकी बसली. दुसरी बाजू ताणली. नेमकी बसली. तिसरी, चौथी. धोंड्याच्या माथ्यावर जुन्या छिन्नीची खूण होती, साखळीची मूठ त्या खुणेवर चारही वेळा टेकली.

मग पंतांनी साखळी जमिनीवर पसरली आणि तिच्या शेजारी फीत अंथरली. “ज्याला आकडे वाचता येतात त्यानं पुढे यावं,” ते म्हणाले. मिठागरावर मुकादम असलेला एक जण पुढे आला, वाकला आणि मोठ्यानं म्हणाला, “बत्तीस.”

“ही साखळी तेहेतीसची हवी,” पंत म्हणाले. “सळई तुटली होती, जोडताना फूटभर आखूड झाली. मी ती न तपासता वापरली. धोंडे मी पुरले तिथेच आहेत. कुणीही हलवलेले नाहीत. पासष्ट फूट काळुरामनं घेतले नाहीत. ते या जागेत कधी नव्हतेच. मी कागदावर लिहिले म्हणून तुम्ही ते शोधत राहिलात.” ते काळुरामकडे वळले. “चूक माझी आहे. काळुराम खरं बोलत होता.”

 बायजानं नळकांड्यातून कागद काढला, उलगडला, त्याच्याकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो पंतांच्या पुढे धरला.

“इथं काय लिवलाय?”

“तेहेतीस.”

“न खरा किती?”

“बत्तीस.”

“मंग ह्याच्यापायी,” ती म्हणाली, “ह्याच्यापायी मी त्याच्या पोराच्या मयताला गेले नाय.” कागद तिच्या हातातून गळून पडला. तिनं तो उचलला नाही.

काळुरामनं खूण केली, तसं त्याला उचलून जवळच्या धोंड्याशी आणलं. त्यानं धोंड्यावर हात ठेवला. खूप वेळ तो चाचपत होता. मग तो बोलू लागला, अगदी हळू, धोंड्याशीच बोलावं तसा.

“ढेकूळ घेतला तवा मना पक्का ठावं व्हता, मी नाय हलवला. मंग पोर गेला. देवी खोटा कसा बोलंल? मना वाटला, मीच हलवला असंल. येडाच्या भरात असंल, दारूच्या नशेत असंल. ह्या धोंड्याजवळ येऊन बसायचो. आठव येतो काय बघायचो. पंचवीस वर्सं बघितला. आठव आला नाय, तरी मीच मना चोर समजत व्हतो.”

पंतांना वाटलं होतं, हा माणूस शिव्या देईल, थुंकेल. त्याची त्यांनी तयारी ठेवली होती. याची नव्हती. गावानं चोर म्हटलं ते एक वेळ सोसवतं. पण निर्दोष माणसाला स्वतःची खात्री वाटेनाशी व्हावी, ती आपल्या एका आकड्यापायी, याला भरपाई कुठली? ते त्याच्या शेजारी, त्या ओल्या मातीत, तसेच खाली बसले.

काळुरामनं मान वळवली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं कुणाच्या तोंडाकडे पाहिलं.

“पंत, मंग माझा पोर कशानं मेला?”

“पटकीनं,” पंत म्हणाले.

“नुसता पटकीनं?”

“नुसता पटकीनं. तुझं काही चुकलं नव्हतं, काळुराम.”

 काळुरामचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो मोठ्यानं रडू लागला, “पोपट रं, माझ्या पोपट,” असं नाव घेऊन. पंचवीस वर्षांत तो पोरासाठी रडला नव्हता. ज्याच्या पापानं पोर गेलं त्यानं कुठल्या तोंडानं रडायचं, म्हणून रडला नव्हता. आता मात्र कुणी त्याला उगी राहा म्हटलं नाही. बायजा दारातून उतरली, धोंड्यापाशी आली आणि त्याच्या पायाशी बसून तीही पोपटचं नाव घेऊन रडू लागली, मयताच्या दिवशी रडायला हवं होतं तशी.